गाळ शेताला, मुरूम रस्त्याला, वाट पाण्याला



रस्त्याला आपला विरोध नाही. कापूस बाजारात न्यायला रस्ता आपल्यालाच हवा. पण रस्त्याच्या नावाने नदीला आडवा बांध नको.

२०१९ आणि २०२१ साली पंचगंगेच्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. भराव काढा, रस्ता खांबांवर उचला, अशी मागणी कोल्हापूरच्या लोकांनी केली. पूरपट्ट्यात उंच भराव घातला की पाणी मागे तुंबते. काळ्या जमिनीत ते दोन-तीन दिवस साचले तरी कपाशीची मुळे गुदमरतात आणि झाड उभ्या उभ्या सुकते. गावात शिरले तर काय होते, ते विदर्भाला शिकवायला नको. ३० जुलै १९९१ ला वर्धेच्या पुराने एकट्या मोवाडात दोनशेवर माणसे नेली.

पाणी एका खात्याचे, रस्ता दुसऱ्याचे, आणि नुकसान मात्र आपले! हे दोन्ही एकत्र होऊ शकते. बुलढाणा जिल्ह्यात तलाव-नाले खोल करून निघालेली माती आणि मुरूम महामार्गाच्या भरावाला वापरला. रस्त्याला माल मिळाला, पाण्याला जागा झाली. त्यालाच ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणतात.

म्हणून आपल्या मागण्या तीनच:

१. पूररेषेच्या आत भराव नको. खांबांवरचा पूल आणि पुरेशा मोऱ्या हव्यात.
२. भरावाचा मुरूम गावच्या तलाव-नाल्यांतून काढा, वरचा गाळ शेतात टाका.
३. नकाशा आधी गावासमोर मांडा.

नकाशा पाहिल्याशिवाय मोजणीची खुंटी ठोकू देऊ नका!