ओट्यावरचा विजेचा ग्रिल घ्यायचाय? आधी घरातला सॉकेट पाहा

ग्रिल म्हटले की डोंगरकड्यात पहिल्यांदा खिडकीची लोखंडी जाळीच आठवते. पण मोबाइलवर खरेदीचे अ‍ॅप उघडले की स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवायचा विजेचा ग्रिलही समोर येतो. किंमत दीड-दोन हजारांपासून पुढे. जाहिरातीत पनीर, मक्याचे कणीस, सँडविच, सगळे धुराविना भाजून निघते. ते खोटे नाही. पण जाहिरातीतले घर आणि कळमनुरी तालुक्यातले घर यांत फरक आहे, आणि तो चवीपेक्षा वायरिंगचा अधिक आहे.

हे यंत्र करते काय?

आत तापणारी तार, वर धातूची खाचा असलेली प्लेट आणि उष्णता नियंत्रित करणारा थर्मोस्टॅट, एवढाच हा प्रकार. काहींना एकच उघडी प्लेट असते. काही सँडविच मेकरसारखे वरून बंद होतात आणि दोन्ही बाजूंनी एकदम भाजतात. १९९४ मध्ये अमेरिकेत मुष्टियोद्धा जॉर्ज फोरमन यांच्या नावाने असा बंद होणारा ग्रिल आला आणि जगभर खपला. त्याचे मोठे आकर्षण म्हणजे उतरत्या प्लेटवरून मांसातली चरबी खाली ट्रेमध्ये निथळते. आपल्याकडे ज्या घरात आठवड्यातून एकदाही मांसाहार होत नाही, तिथे हा गुण वाया जातो.

तरीही काही कामे तो झकास करतो. केळीच्या आपल्या पट्ट्यात कच्च्या केळ्याचे काप तिखट-मीठ आणि थोडे तेल लावून त्यावर छान खरपूस होतात. कणीस, पनीर, सिमला मिरची, मासळीचे तुकडे यांना तेल कमी लागते. वांगी भाजली जातात, पण भरिताला जो धुराचा वास हवा तो येत नाही; त्याला जाळच पाहिजे. भाकरी तर यावर करायलाच जाऊ नये. खाचांच्या प्लेटवर ती नीट पापुद्रा धरत नाही. ज्वारीची भाकरी रोज लागणाऱ्या घरात तवा आणि गॅस काही सुटत नाहीत.

खरी अडचण भिंतीत

असे ग्रिल साधारण ७०० ते २,००० वॉटचे असतात. २,००० वॉटचा ग्रिल २३० व्होल्टवर जवळपास पावणेनऊ अँपिअर वीज ओढतो. घरात टीव्ही, पंखा, चार्जर लावतो तो लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो. त्याला हा भार झेपत नाही. मोठ्या पिनेचा १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट, त्याला जाड वायर आणि चालू स्थितीतले अर्थिंग हवे. मोठा प्लग लहान सॉकेटमध्ये बसवण्यासाठी अ‍ॅडॉप्टर लावणे किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर ग्रिल चालवणे म्हणजे वायर तापवणे आहे. अर्थिंगची जाड पिन काढून टाकणारेही आहेत. ग्रिलचे अंग धातूचे असते, हात ओले असतात. ती पिन जिवासाठीच दिलेली आहे.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. तापणाऱ्या तारेची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. म्हणजे २३० ऐवजी १८० व्होल्ट आले, तर २,००० वॉटचा ग्रिल सव्वाबाराशे वॉटच्या आसपास चालतो. पदार्थ भाजायच्या ऐवजी वाफवला जातो, पाणी सुटते आणि दोष आपण यंत्राला देतो. संध्याकाळी ज्यांच्या घरी दिवे मंदावतात, त्यांनी हे आधी लक्षात घ्यावे. घरातल्या नेहमीच्या लहान इन्व्हर्टरवर तर तो चालणारच नाही.

बिल किती वाढेल?

२,००० वॉटचा ग्रिल रोज अर्धा तास सलग तापला, तरी १ युनिट, महिन्याला ३०. थर्मोस्टॅट मधूनमधून बंद करतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. आकडा छोटा वाटतो, पण महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतरचा टप्पा बराच महाग आहे. महिन्याला ९० युनिट जाळणारे घर १२० वर गेले, तर वरचे २० युनिट त्या महाग दराने पडतात. आठवड्यातून दोनदा वापरणाऱ्याला ही चिंता नाही.

आमचे मत असे: चौघा-पाचांच्या, भाकरी-भाजीच्या घराने गॅसची बचत होईल म्हणून हा ग्रिल घेऊ नये, ती फारशी होत नाही. एकट्या राहणाऱ्या नोकरदाराला, खोली करून राहिलेल्या विद्यार्थ्याला किंवा घरात पॉवर पॉइंट आहे आणि भाजलेले खायची आवड आहे अशांना तो उपयोगी आहे. घरमालकाला विचारून, एवढे मात्र विद्यार्थ्यांनी पाहावे.

घेताना आयएसआय खूण आणि वॉट पाहा, प्लेट निघते का ते विचारा. न निघणारी प्लेट धुणे हा वैताग असतो, कारण यंत्र पाण्यात बुडवता येत नाही. नॉनस्टिक थरावर स्टीलचा उलथणा आणि तारेची घासणी चालवू नका, रिकामा ग्रिल तापत ठेवू नका. हळदीचे डाग पडतील. हिंगोली जिल्ह्यात ते वेगळे सांगायला नको.

आणि याच ग्रिलवर सँडविच विकायचा विचार असेल, तर घरगुती मीटरवर धंदा चालेल का, हे आधी महावितरणकडे विचारा. व्यावसायिक जोडणी घ्यावी लागली, तर तिचा दर वेगळा असतो. एका सँडविचमागचा खर्च त्या दराने काढा.