पालकसभेतला गाळलेला धडा

पालकसभेत काय होते, हे कोणत्याही आईला विचारा. रांगेत उभे राहायचे, प्रगतिपुस्तकावर सही करायची, ‘अक्षराकडे लक्ष द्या’ हे बाईंचे वाक्य ऐकायचे, राहिलेल्या फीची आठवण घेऊन घरी यायचे. मुलाने घरी येऊन काही भलतेच सांगितले तर काय करायचे, हा विषय तिथे निघत नाही. तो काढायला शाळेला संकोच वाटतो आणि पालकांना भीती.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवरील अत्याचार उघडकीस आला, तक्रार नोंदवायला पालकांना तासन् तास ताटकळावे लागले आणि 20 ऑगस्टला संतप्त जमाव रुळांवर उतरला. मग सीसीटीव्हीचे, कर्मचाऱ्यांच्या पडताळणीचे आदेश निघाले. ते हवेतच. पण बदलापुरात बिंग फुटले ते घरी. मुली बोलल्या आणि घरच्यांनी ते उडवून लावले नाही म्हणून.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये 13 राज्यांतील 12,447 मुलांच्या पाहणीचा अहवाल मांडला. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले. छळणाऱ्यांतले सुमारे निम्मे ओळखीचे, विश्वासातले. बहुतेक मुलांनी हे कुणालाच सांगितले नव्हते. आणि पीडितांत मुलग्यांचे प्रमाण मुलींहून थोडे जास्तच होते. ‘आम्हाला मुलगा आहे, आम्हाला कसली काळजी’ म्हणणाऱ्यांनी हे पुन्हा वाचावे.

म्हणून केवळ मुलांना ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ शिकवून भागणार नाही; धडा पालकांनाही द्यायला हवा. पाहुण्या काकांना पापा देत नाही म्हणून लेकराला रागावणारे आपणच असतो. नको म्हणण्याचा त्याचा हक्क आपणच पहिल्यांदा मोडतो. मूल बोलले तर ‘तू तिथे गेलीसच कशाला’ हा प्रश्न ओठावर येऊ द्यायचा नाही, तेच तेच खोदून विचारायचे नाही, अंगावरचे कपडे धुवायचे नाहीत. हे कुणीतरी सांगावे लागते.

कायदाही सांगावा लागतो. 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाचा जबाब घेताना पोलीस गणवेशात नसावेत, मुलाला रात्री ठाण्यात ठेवू नये, तक्रार न नोंदवणारा पोलीसही शिक्षेस पात्र ठरतो. हे ठाऊक असलेल्या बापाला ठाण्याच्या बाकावर कुणी सहजासहजी बसवून ठेवू शकत नाही. शाळांना हा धडा नेमका याचसाठी नको असतो काय? जाणता पालक शाळेलाही प्रश्न विचारतो.

यंत्रणेची वाण नाही. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. राज्याने 2022 मध्ये शाळांना मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समित्या नेमायला सांगितले. आपल्या शाळेत या समित्यांवर कोण आहे, हे किती पालकांना सांगता येईल?

शिक्षण विभागाने प्रत्येक सत्रात हा धडा देणारी एक पालकसभा सक्तीची करावी आणि ती रविवारी घ्यावी. सकाळी अकराच्या सभेला कर्जत लोकलने कामावर गेलेला बाप येऊ शकत नाही. तोवर चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा क्रमांक प्रगतिपुस्तकाच्या पहिल्या पानावर छापायला कुणाच्या आदेशाची गरज नाही.