म्हणींचा अर्थ वस्तीत तपासा



इंग्रजी म्हणींची चोपडी फुटपाथवर मिळते. डाव्या बाजूला म्हण, उजव्या बाजूला अर्थ, खाली वाक्यात उपयोग. आपली पोरं ती पाठ करतात. बँकेची परीक्षा, कॉल सेंटर, पोटाचा सवाल. करावीच पाठ. इंग्रजी नको म्हणणारा आपला दोस्त नव्हे. स्वतःची पोरं कॉन्व्हेंटात घालून आपल्याला मातृभाषेचं प्रेम शिकवणारे खूप बघितले. सावित्रीबाईंनी कवितेतून इंग्रजी शिकायला सांगितलं. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले आणि १९३६ साली जातिव्यवस्थेचा पंचनामा त्यांनी इंग्रजीतच केला.

माझं भांडण इंग्रजीशी नाही. उजव्या बाजूच्या अर्थाशी आहे. तो कोणी लिहिला? कुठल्या वस्तीत बसून लिहिला?

'ब्लड इज थिकर दॅन वॉटर.' अर्थ : रक्ताचं नातं सगळ्यात घट्ट. छान. २० मार्च १९२७. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं. त्याच दिवशी आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या, डोकी फुटली. मग शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' केलं. मारणारे कोण? एकाच मुलखाचे, एकच भाषा बोलणारे, एरवी 'आपण सारे हिंदू' म्हणणारे. रक्त पाण्यापाशी येऊन पातळ झालं. या देशात पाणीच रक्तापेक्षा दाट. हा अर्थ लिहा पेपरात, बघू कोण मार्क देतो.

'बेगर्स कान्ट बी चूजर्स.' भिकाऱ्याला निवड नसते. मी गिरणीतला कामगार. बदलीवाला पाळी बदलून मागतो तेव्हा टेबलामागनं हीच म्हण येते. त्या कारकुनाला इंग्रजी एवढंच येतं, पण नेमकं येतं. खुबी बघा. आधी समोरच्याला भिकारी ठरवायचं, मग नियम सांगायचा. नियमावर वाद घालत बसाल तर फसाल. वाद पहिल्या शब्दावर घाला. मी भीक नाय मागत, घामाचा हिशेब मागतोय. राखीव जागेला खैरात म्हणणाऱ्यांचीही हीच चाल. घटनेनं दिलेला हक्क आहे तो, कोणाच्या बापाच्या खिशातली चिल्लर नव्हे.

'जस्टिस डिलेड इज जस्टिस डिनाईड.' या म्हणीसाठी चोपडी कशाला? घाटकोपरला रमाबाई आंबेडकर नगरात या. ११ जुलै १९९७. सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झालेली दिसली. माणसं हायवेवर उतरली. राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा जण मेले. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या फौजदाराला २००९ साली सत्र न्यायालयानं जन्मठेप दिली. बारा वर्षांनी. पुढं उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला. चोपडीत अर्थ एका ओळीत संपतो. वस्तीत तो अर्थ आईबाप छातीशी धरून म्हातारे झाले.

आता 'पॅरिया' हा शब्द घ्या. नकोशा देशाला, टाकलेल्या माणसाला इंग्रजी पेपर हा शब्द सर्रास लावतात. अर्थ दिलेला असतो : बहिष्कृत. पण हा आला कुठून? तामिळनाडूतल्या परैयर जातीच्या नावावरून. परै म्हणजे त्यांचं चर्मवाद्य. जिवंत माणसांच्या जातीचं नाव साहेबानं उचललं आणि जगभर शिवी म्हणून फिरवलं. आणि मराठीवाल्यांनी खूश होऊ नये. 'गाव तिथे महारवाडा' ही म्हण कोणी घडवली? जिथं तिथं थोडी घाण असायचीच, हा तिचा अर्थ. आमचं घर यांच्या वाक्यात उपयोगाला!

म्हण म्हणजे आधीच दिलेला निकाल असतो. आपण कोर्टात उभं राहायच्या आधी.

आणि आपण तरी काय करतो? 'एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाईझ.' लंडनच्या समाजवाद्यांच्या तोंडी हे शब्द १८८० च्या दशकात होते. जुलै १९४२ ला नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी ते आपल्या हाती दिले. भिंतीवर मात्र आपण लिहितो : शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. नीट बघा. इंग्रजीत ॲजिटेट मधोमध आहे, मराठीत संघर्ष शेवटी गेला. ॲजिटेट म्हणजे ढवळणं, घुसळणं. शिकलेल्याचं डोकं आधी घुसळून निघालं पाहिजे, मग संघटना. आपण क्रम फिरवला आणि पुढाऱ्यांची सोय झाली. आधी संघटित व्हा, म्हणजे माझ्या गटात या. संघर्ष? बघू, निवडणूक होऊ दे. न घुसळलेली डोकी एकत्र आली की गर्दी होते, आणि गर्दीचा भाव ठरवून दलाल मोकळे होतात.

म्हणून सांगतो, रविवारी विहारात इंग्रजीचा वर्ग लावा. पण प्रत्येक म्हणीला तीन सवाल विचारा. कोण बोलतो? कोणाला बोलतो? कोणत्या वेळी बोलतो? उत्तरं पोरांना लिहायला लावा. व्याकरण चुकलं तर चालेल. ती उत्तरं घरोघर मोठ्यानं वाचा, आयाबायांना ऐकवा, त्यांचे अर्थ विचारा. त्यांच्याजवळ चोपडीपेक्षा जास्त अर्थ आहेत, फक्त त्यांना अजून कोणी विचारलं नाय.

जयभीम.