दुर्जय शत्रूचा कैवार

आमच्या छत्रपती संभाजीनगरांतील सुशिक्षित पालकवर्गाचें एरवीं कोणत्याही प्रश्नावर एकमत होत नाहीं. एका गोष्टीविषयीं मात्र अपूर्व ऐक्य आढळतें. व्हिडिओ गेम हें आळशांचें व्यसन असून त्यानें मुलांची चिकाटी नष्ट होते, हा तो सर्वमान्य सिद्धांत. तो मांडणारांपैकीं कितीजणांनीं एखादा अवघड खेळ शेवटपर्यंत पाहिला आहे, हें विचारण्याचा उद्धटपणा सहसा कोणी करीत नाहीं. प्रस्तुत लेखक तो करूं इच्छितो. ज्या गुणाच्या नाशाबद्दल हा शोक चालला आहे, तो गुण आज आमच्या वर्गांपेक्षां या तथाकथित व्यसनांतच अधिक जिवंत दिसतो, असें त्याचें मत झालें आहे.

एकच खेळ उदाहरणादाखल घेऊं. जपानांतील फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीनें हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखालीं रचलेला 'एल्डन रिंग' हा खेळ फेब्रुवारी 2022 मध्यें प्रसिद्ध झाला. वाटेंत ठिकठिकाणीं ज्या बलाढ्य शत्रूंशीं झुंज द्यावी लागते त्यांस खेळाडू 'बॉस' म्हणतात; त्यांत मलेनिया नांवाची वीरांगना विशेष कुप्रसिद्ध आहे. तिचा एक हात कृत्रिम, तलवार लांबलचक, आणि वार असा कीं तो तुम्हांस लागला म्हणजे तिची गेलेली शक्ति थोडीथोडी परत येते. ढाल पुढें करावी, तर ढालीवर बसलेल्या वारानेंही ती सावरते! मध्येंच ती हवेंत उसळते, क्षणभर तेथेंच थबकते, आणि मग वावटळीसारखी अशी तुटून पडते कीं नवख्याचा निकाल त्या एकाच झपाट्यांत लागावा. अतोनात प्रयासानें तिला लोळवावें, तों ती दुसऱ्या, अधिक भयंकर रूपानें उठून उभी राहते. आणि मौज ही, कीं तिच्याशीं लढण्याची सक्ति मुळींच नाहीं. तिला टाळूनही खेळ पुरा करतां येतो. तरी माणसें तिच्या दारीं जातात, मरतात, आणि पुन्हां जातात.

हें वर्णन ऐकीव नव्हे. पहिल्या दहा पराभवांत माणूस खेळाला शिव्या देतो, पुढच्या दहांत हातांतील यंत्राला, त्यानंतर स्वतःच्या वयाला. मग केव्हांतरी, शिव्यांचा सांठा संपल्यामुळें म्हणा, तो पाहूं लागतो. उडी मारण्यापूर्वीं ती कशी आकसते, कोणत्या वारानंतर तिला श्वासाइतकी उसंत लागते, आपण नेमके कोणत्या क्षणीं अधीर होतों, हें त्यास दिसूं लागतें. पडद्याच्या तळाशीं तिच्या प्राणाची रेघ केंसाएवढी उरावी, अंगठे ताठून जावेत, आणि एका घाईच्या वारापायीं सारें धुळीस मिळावें, हा संताप ज्यानें भोगला त्यालाच अखेरच्या विजयाच्या वेळीं छातींत उठणारी धडधड कळेल. बक्षिसाच्या आशेनें ती धडधड उठत नाहीं. काल जें हात करूं शकत नव्हते तें आज त्यांनीं केलें, हें शरीरालाच उमगलेलें असतें.

शेजारच्या देवगिरीवर ज्यानें 'अंधारी' पाहिली आहे, त्यास अवघडपणा म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. खंदक ओलांडून आलेल्या शत्रूला खडकांतील त्या वेड्यावांकड्या काळोख्या वाटेंत शिरावें लागे. तिच्या रचनाकाराला शत्रु तेथेंच संपावयास हवा होता. चुकलेल्यानें परत यावें, आपली चूक ओळखावी, ही कल्पनाच त्या बांधणींत नाहीं. मलेनियाच्या रचनाकाराची इच्छा बरोबर उलट आहे. तिच्या प्रत्येक घावापूर्वीं खूण आहे, ती खूण उद्यां बदलत नाहीं, आणि मेलेला खेळाडू कांहीं क्षणांत पुन्हां तिच्या दाराजवळ उभा असतो. दोन्ही ठिकाणीं माणूस मरतो खरा. पण एके ठिकाणीं मरणाऱ्याला शिकवण्याची सोय केलेली आहे.

आतां आमची परीक्षा या दोहोंपैकीं कोणत्या जातीची, हें पालकांनींच सांगावें. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' वर्षांतून एकदांच होते. 180 प्रश्न, 720 गुण, आणि त्या दिवशीं डोकें दुखलें तर पुढचें वर्ष. विद्यापीठाच्या परीक्षेंत नापास झालेल्यास आंकडा कळतो, चूक कळत नाहीं. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते म्हणा, पण अर्ज करून आणि शुल्क भरून! मग मुलें 'अपेक्षित प्रश्नां'चे संच घोकतात यांत नवल तें काय? काळोखांत शिरणारा माणूस मशाल विकत घेणारच.

कोणी म्हणेल, खेळांपायीं घरें बुडतात. पैशाच्या खेळांनीं बुडालीं, हें खरें; परंतु संसदेनें ऑगस्ट 2025 मध्यें केलेल्या कायद्यानें पैसे लावून खेळण्यावर बंदी घातली, आणि त्याच कायद्यानें ई-स्पोर्ट्सला निराळें स्थान दिलें. जो भेद दिल्लीस दिसला तो आमच्या दिवाणखान्यांत दिसूं नये, याचें आश्चर्य वाटतें. रात्रीचे दोन वाजेपर्यंत जागूं नये, हें अर्थात् मान्य. पण तें कादंबरीलाही लागू आहे.

दुसरा आक्षेप असा, कीं हीं मुलें एकलकोंडीं होतात. त्यांस 'लेट मी सोलो हर' या टोपणनांवाच्या खेळाडूची हकीकत माहीत नसावी. डोक्यावर मडकें, कमरेला लंगोटीवजा वस्त्र आणि हातीं दोन तलवारी, अशा वेषानें तो अनोळखी खेळाडूंच्या हांकेला धांवून जाई आणि त्यांच्यासाठीं मलेनियाशीं एकटा लढे. हजाराहून अधिक वेळां त्यानें तिला हरविलें, तेव्हां 2022 मध्यें प्रकाशक कंपनीनें त्यास एक खरी तलवार भेट पाठविली. पराक्रम असा उसना घेऊं नये, असें म्हणणारे सोवळे खेळाडूही आहेत. आम्हांस मात्र हा मडकेवाला मनापासून आवडतो. आमच्या शिकवणी-वर्गांतील पहिला आलेला मुलगा शेजाऱ्याला वही दाखवितांना क्रमांकाचा विचार करतो, आणि तो विचार आम्हींच त्याच्या डोक्यांत घातलेला असतो.

तेव्हां मुलाच्या हातांतील यंत्र हिसकावण्यापूर्वीं पालकांनीं आमच्याकडे, म्हणजे अध्यापकांकडे यावें आणि मागणी करावी: तपासलेली उत्तरपत्रिका आठवड्याच्या आंत, अर्जावांचून व शुल्कावांचून, मुलाच्या हातीं द्या, चूक कोठें झाली तें समासांत लिहा, आणि तोच पेपर त्याला पुन्हां लिहूं द्या.