मॅग्नेशियमचे तेल आणि खेळाडूचे पोषण

बंगळूर शहरात पहाटेच्या वेळी कब्बन उद्यानातील रस्त्यांवर आणि कंठीरव क्रीडांगणाच्या धावपट्टीवर धावणाऱ्यांची वर्दळ असते. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे दक्षिण विभागाचे केंद्र याच शहरात आहे. दहा किलोमीटरची आंतरराष्ट्रीय शर्यतही येथे २००८ साली सुरू झाली. जेथे खेळाडू असतात, तेथे त्यांच्या दुखऱ्या पोटऱ्यांवर उपाय सुचविणारेही असतात. ‘मॅग्नेशियमचे तेल’ हा अशा उपायांपैकी अलीकडचा एक होय. हे तेल अंगावर फवारून चोळले असता मॅग्नेशियम कातडीतून शरीरात उतरते, त्यामुळे पेटके थांबतात, शीण लवकर जातो व झोप गाढ लागते, असे त्याचे पुरस्कर्ते सांगतात. हे म्हणणे कितपत खरे मानावे?

प्रथम नावाचाच विचार करू. हे द्रव्य मुळी तेल नव्हे. मॅग्नेशियम क्लोराइड हा क्षार पाण्यात भरपूर प्रमाणात विरघळविला म्हणजे जो दाट विद्राव तयार होतो, तो बोटांना बुळबुळीत लागतो. एवढ्यावरून त्यास तेल म्हणण्याचा प्रघात पडला. मिठागरात मीठ निघाल्यावर मागे जे कडू पाणी उरते, त्यात हाच क्षार असतो. कच्छच्या लहान रणाच्या काठी खाराघोडा येथे तो दीर्घकाळ तयार होत आला आहे. मॅग्नेशियमच्या क्षारांची औषधी कीर्तीही जुनीच आहे. इंग्लंडमधील एप्सम गावच्या झऱ्यातील क्षारावर नेहेमाया ग्रू याने १६९५ मध्ये ग्रंथ लिहिला. मूळ धातू मात्र हंफ्री डेव्ही याने १८०८ मध्ये वेगळा केला.

मॅग्नेशियम शरीरास अत्यावश्यक आहे, याविषयी वाद नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात ते सुमारे २५ ग्रॅम असते. त्यातील निम्म्याहून अधिक हाडांत व उरलेले बहुतेक स्नायूंत आणि इतर मृदू ऊतींत असते. रक्तद्रवात एक टक्काही नसते. पेशींना शक्ती पुरविणारे एटीपी हे द्रव्य मॅग्नेशियमशी संलग्न असतानाच आपले कार्य करते, आणि आकुंचन पावलेला स्नायू सैल पडण्यासही मॅग्नेशियमची गरज असते. येथपर्यंतचे विधान निर्विवाद आहे. चूक होते ती पुढे. एखादे द्रव्य शरीरास हवे आहे, एवढ्यावरून ते कोणत्याही वाटेने आत जाईल, असे सिद्ध होत नाही. भाताने भूक भागते. म्हणून तो पोटावर थापून चालत नाही.

त्वचेचे एक मुख्य कार्य बाहेरच्या वस्तूंना अडविणे हेच आहे. तिचा सर्वांत वरचा शृंगस्तर बहुतेक ठिकाणी मिलीमीटरच्या एक-दोन शतांशांएवढाच जाड असतो. परंतु त्याची रचना भिंतीसारखी आहे. मृत पेशी या तिच्या विटा आणि त्यांमधील स्निग्ध द्रव्य हा चुना. स्निग्धात विरघळणारे लहान रेणू या चुन्यातून वाट काढू शकतात. म्हणूनच निकोटिनची किंवा हृदयरोग्यांसाठी नायट्रोग्लिसरिनची पट्टी कातडीवर चिकटवून औषध देता येते. मॅग्नेशियमचा आयन मात्र विद्युत्भारित असतो आणि पाण्याचे सहा रेणू भोवती घट्ट धरून ठेवतो. असा जलवेष्टित कण स्निग्ध थरातून सहजी पार होत नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असते. तरीही तासन्‌तास पाण्यात उभे राहून जाळे ओढणाऱ्या मालवणच्या कोळ्याच्या शरीरात मॅग्नेशियमचा साठा होत नाही. बाटलीतील विद्राव समुद्राच्या पाण्याहून कितीतरी तीव्र असतो हे खरे; पण तीव्रता वाढल्याने भिंतीचे दार होत नाही.

तथापि, केवळ तर्कावर विसंबून निकाल देणे योग्य नव्हे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठातील संशोधकांनी मानवी त्वचेच्या तुकड्यांवर केलेल्या प्रयोगात काही मॅग्नेशियम केसांच्या मुळांवाटे आत जाते असे आढळले. हे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे वाट पूर्णपणे बंद नाही. परंतु त्या वाटेने खेळाडूच्या उपयोगी पडेल इतके मॅग्नेशियम जाते काय, हा खरा प्रश्न आहे. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर विद्यापीठात २५ व्यक्तींना दोन आठवडे दररोज ५६ मिलीग्रॅम मॅग्नेशियम असलेले अथवा नसलेले मलम लावण्यास दिले गेले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दोन्ही गटांत निर्णायक असा फरक आढळला नाही. जे खेळाडू नव्हते त्यांच्या रक्तात किंचित वाढ दिसली; खेळाडूंत ती दिसली नाही. ज्यांच्यासाठी हे द्रव्य विकले जाते, त्यांच्याच बाबतीत पुरावा लंगडा पडला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्याच वर्षी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेणाऱ्या जर्मन तज्ज्ञांनी, त्वचेवाटे मॅग्नेशियम देण्यास शास्त्रीय आधार नाही, असा अभिप्राय दिला.

पेटक्यांचा प्रश्न तर याहून वेगळा आहे. घामावाटे मॅग्नेशियम जाते ते अल्पच. लांब पल्ल्याच्या शर्यतीतील धावपटूंची तपासणी करून दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी असे मत मांडले की, या पेटक्यांचे मूळ क्षारांच्या तुटीपेक्षा थकलेल्या स्नायूंच्या मज्जातंतूंवाटे होणाऱ्या नियंत्रणातील बिघाडात असावे. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात तोंडाने घेतलेल्या मॅग्नेशियमचाही वृद्धांच्या पेटक्यांवर उल्लेखनीय उपयोग दिसला नाही, आणि व्यायामजन्य पेटक्यांविषयी तर एकही काटेकोर तुलनात्मक प्रयोग सापडला नाही.

‘पण मला गुण आला’ असे पुष्कळ खेळाडू प्रामाणिकपणे सांगतात. त्यांचा अनुभव खोटा ठरविण्याचे कारण नाही. त्याचा अर्थ मात्र तपासावा लागतो. पेटका बहुधा आपोआपच ओसरतो. चोळण्याने स्नायूस आराम वाटतो. विद्रावाने कातडी चुणचुणते, आणि ही चुणचुण म्हणजे औषध ‘लागू पडत’ असल्याची खूण, असा समज होतो. कोल्हापूरच्या तालमीत पैलवानाचे अंग तेलाने रगडतात. पण ताकदीसाठी त्याला दूध, तूप व बदामच देतात. रगडणे आणि खाणे यांतील भेद तालमीला ठाऊक आहे. बाटलीवरच्या जाहिरातीला तो ठाऊक नसावा, हे नवल होय.

अपाय नसेल तर लावू द्यावे, असाही युक्तिवाद होतो. धडधाकट माणसास मोठा अपाय होत नाही, जखमेवर आग होते एवढेच, हे मान्य. पण हानी अन्यत्र आहे. वारंवार येणारे पेटके हे अतिसराव, अपुरी झोप, उष्मा किंवा निकृष्ट आहार यांची सूचना असू शकतात. दीर्घकाळचा अतिसार किंवा मूत्र वाढविणारी काही औषधे यांमुळे खरीखुरी तूटही येते. तिचे निदान वैद्याने करावयाचे असते. तेलाच्या भरवशावर ही सूचना दुर्लक्षिली गेली, तर मोल पैशांत मोजता येणार नाही. शिवाय, बळ बाटलीतून येते ही समजूत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनात एकदा रुजली, की पुढे अधिक घातक बाटलीही तो तितक्याच विश्वासाने उघडील.

मॅग्नेशियमची राजवाट स्वयंपाकघरातून जाते. कर्नाटकात जिला रागी म्हणतात, त्या नाचणीच्या १०० ग्रॅम धान्यात सुमारे १४६ मिलीग्रॅम मॅग्नेशियम असते, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेली कोष्टके दाखवितात. आतडी त्यातील काही भागच शोषून घेतात हे खरे. परंतु हा मार्ग ज्ञात, मोजलेला व स्वस्त आहे. तीळ, शेंगदाणे, डाळी व पालेभाज्या यांची भर पडली, म्हणजे बहुतेक खेळाडूंची गरज भागते.

याच बंगळुरात डॉ. एच. नरसिंहय्या यांनी १९६२ मध्ये विज्ञानमंच स्थापिला, आणि विद्यापीठाचे कुलगुरू असताना १९७६ मध्ये चमत्कारांच्या चौकशीसाठी समिती नेमली. दावा करणाराने तो तपासणीस उभा करावा, हे त्यांचे सूत्र येथेही लागू पडते. तपासणी अशक्य नाही. मॅग्नेशियमच्या स्थिर समस्थानिकाची खूण घालून तेल चोळावे व ती खूण रक्तात आणि मूत्रात शोधावी. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला तितकेच चुणचुणणारे, पण मॅग्नेशियमविरहित द्रव्य द्यावे. १९०९ पासून विज्ञानाची उपासना चालविणाऱ्या भारतीय विज्ञान संस्थेच्या या शहरास असा प्रयोग अवघड नाही. तो यशस्वी झाला, तर तेलाचा आनंदाने स्वीकार करावा. तोवर प्रशिक्षकांनी त्याची शिफारस करू नये, आणि खेळाडूने आपला पैसा ताटात घालावा, कातडीवर नव्हे.