व्यायामशाळेचे दार आणि फुकटचा पहिला दिवस

विदर्भातील शाळा उन्हाच्या तडाख्यामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जून संपता संपता उघडतात. त्याच सुमारास अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत विजेच्या खांबांवर, शाळांच्या कुंपणांवर आणि वह्या-पुस्तकांच्या दुकानांबाहेर कराटे, तायक्वांदो, ज्यूदो, लाठी-काठी यांच्या वर्गांच्या जाहिराती झळकू लागतात. पहिला दिवस विनामूल्य, कोठे तीन दिवस विनामूल्य, असे त्यांवर ठळक अक्षरांत लिहिलेले असते. पालक मुलाला घेऊन पत्त्यावर पोहोचतो, तेव्हा दाराशी दुसरी पाटी त्याच्या दृष्टीस पडते. वर्ग चालू असताना पालकांनी आत थांबू नये, असे ती सांगते. सर्वच वर्ग असे वागतात असे नाही. परंतु एकाच दाराने एकाच वेळी बोलवावे आणि अडवावेही, हा प्रकार इतका रुळला आहे की त्यातील विसंगती कोणाच्या ध्यानात येईनाशी झाली आहे.

वस्तुतः या दोन पाट्यांपैकी एकच ठेवायची झाली तर कोणतीच ठेवू नये. मुलाला फुकट शिकवण्याचा एक दिवस न दिला तरी चालेल. मात्र रोजचा वर्ग पाहण्यास कोणाला मज्जाव असता कामा नये. आज नेमके याच्या उलट चालले आहे.

हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. गणिताच्या शिकवणीत गुरुजी फळ्याजवळ असतात आणि मुले बाकांवर. गायनाच्या वर्गात मध्ये पेटी असते. लढण्याची विद्या मात्र स्पर्शावाचून शिकवता येत नाही. प्रशिक्षक मुलाचे मनगट धरतो, मान वळवतो, कंबरेला विळखा घालून त्याला जमिनीवर आणतो. सात-आठ वर्षांचे मूल रोज सायंकाळी तासभर ज्या माणसाच्या हाती असे सोपवायचे, त्याच्याविषयी आईबापांना ठाऊक असते ते केवळ जाहिरातीतील छायाचित्र आणि कंबरेचा काळा पट्टा. (वऱ्हाडातील जुन्या पिढीला पट्टा म्हटले की दांडपट्टा आठवतो, हल्ली तो शब्द कापडाच्या पट्टीसाठीच राहिला आहे.) म्हणून इतर कोणत्याही शिकवणीपेक्षा या शिकवणीचे दार अधिक उघडे असले पाहिजे.

दार बंद ठेवणारे बहुधा परंपरेची साक्ष काढतात. विद्या गुप्त ठेवावी, वस्ताद शेवटचा डाव राखून ठेवतो, असे आपल्याकडे म्हटले जाते, हे खरेच. इराणच्या सादीने तेराव्या शतकात ‘गुलिस्ताँ’मध्ये सांगितलेली एका मल्लाची कथाही हीच आहे: तीनशे साठ डाव जाणणाऱ्या त्या उस्तादाने शिष्याला एक सोडून सारे शिकविले, आणि शिष्य उलटला तेव्हा त्या एकानेच त्याची लाज राखली. परंतु या कथेचा आधार घेताना एक गोष्ट विसरली जाते. राखून ठेवायचा तो डाव, आखाडा नव्हे. आपल्याकडील गावोगावच्या आखाड्यांत लाल मातीच्या कडेला बसून जोर-बैठका आणि खडाखडी पाहणारी वडीलधारी मंडळी हा आखाड्याचाच एक भाग असे. कोणाची पकड सैल, कोणाचा दम कमी, याची चर्चा तेथेच, पोरांच्या देखत चाले. नागपंचमीची कुस्ती तर साऱ्या गावासमोर. वस्तादाने एखाद्या पोराला उगाच आपटले तर संध्याकाळपर्यंत ती बातमी घरोघर पोहोचलेली असे. त्याला लेखी नियमांची गरज पडत नव्हती, कारण पाहणारे डोळे होते.

अमरावतीकरांना याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. वैद्य बंधूंनी १९१४ साली जो हनुमान आखाडा सुरू केला, त्याचे पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. नावातील ‘प्रसारक’ हा शब्द सहज पडलेला नव्हे. व्यायामाचे आणि लढाऊ खेळांचे शिक्षण एका वस्तादाच्या घरातून काढून अभ्यासक्रमाच्या रूपाने चारचौघांपुढे मांडावे, बाहेरगावच्या मंडळींनी येऊन ते शिकावे आणि आपापल्या गावी जाऊन शिकवावे, ही त्यामागील दृष्टी होती. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले असता या मंडळाचे पथक तेथे गेले आणि त्याने कबड्डीसह आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके परक्या लोकांपुढे करून दाखविली. ती पाहणाऱ्यांपैकी कोणीही कबड्डी शिकण्यासाठी वर्गणी भरणार नव्हता. तरीही गुलामीतील एका देशाच्या खेळाडूंनी तेथे जाऊन आपली विद्या उघड्यावर मांडणे अगत्याचे मानले. १९९० साली बीजिंगच्या आशियाई सामन्यांत कबड्डीला पदकाच्या खेळाचा मान मिळाला, त्याच्या मागे अशा अनेक उघड्या प्रात्यक्षिकांचा इतिहास आहे.

बडोद्याचे उदाहरणही याच जातीचे आहे. तेथील जुम्मादादा हे मुसलमान वस्ताद आणि त्यांचे शिष्य प्रो. माणिकराव मराठी. शिष्याने गुरूच्या नावाने व्यायाममंदिर चालविले आणि गर्दीने कवायत करावी यासाठी इंग्रजी हुकुमांच्या जागी देशी शब्द आणले. त्याच बडोद्यातून द. चिं. मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत मराठीत प्रसिद्ध केला. कुस्तीतील डावपेच, मल्लखांबाच्या उड्या, लाठी, बोथाटी असा जो ऐवज वस्तादांच्या स्मरणात होता, तो चित्रांसह छापून कोणाही वाचकाच्या हाती दिला गेला. म्हणून विद्येचे मोल घटल्याचे कोणी म्हटलेले नाही. पुस्तक वाचून कोणी मल्ल होत नाही. पण पुस्तक वाचलेल्या माणसाला फसविणे मात्र कठीण होते.

आता ज्या कराटेच्या नावाने हे सारे वर्ग चालतात, त्याची हकीकत काय आहे? ओकिनावा बेटावर ही विद्या दीर्घकाळ गुपचूप शिकविली जात असे. गिचिन फुनाकोशी हे तरुणपणी रात्रीच्या वेळी गुरूच्या अंगणात तिचा अभ्यास करीत. पेशाने ते प्राथमिक शाळेतील शिक्षक होते, ही गोष्ट आमच्या शिक्षकवर्गाने मुद्दाम लक्षात ठेवावी. विसाव्या शतकाच्या आरंभी ओकिनावाच्या शाळांतून कराटे शिकवले जाऊ लागले, आणि १९२२ साली फुनाकोशी यांनी टोकियोतील शारीरिक शिक्षणाच्या प्रदर्शनात त्याचे जाहीर प्रात्यक्षिक केले. तेथून पुढे ते जगभर गेले. म्हणजे बंद दारातून बाहेर पडल्यामुळेच जी विद्या अमरावतीपर्यंत पोहोचू शकली, तिच्या नावाने आता अमरावतीत दार लावले जात आहे.

यावर वर्गचालक म्हणतील की, दार लावलेले कोठे आहे, आम्ही तर पहिला दिवस फुकट देतो. त्या दिवसाचे स्वरूप मात्र पाहण्यासारखे असते. नव्या मुलाच्या हाती जाड गादी देऊन दुसऱ्याने तिच्यावर लाथा माराव्यात, मग अदलाबदल करावी, जोरजोराने ओरडावे, एखाद्या मोठ्या विद्यार्थ्याने कौल फोडून दाखवावे. मूल हरखून घरी येते आणि दुसऱ्या दिवशी वर्षाचे शुल्क एकरकमी भरले जाते. पण विद्या तशी नसते. ज्यूदोत आरंभीचे दिवस जातात ते पडायला शिकण्यात. पाठीवर, कुशीवर, पुढे, पुन्हा पाठीवर. कराटेत गुडघे वाकवून एकाच ठाणात उभे राहणे आणि तोच ठोसा शंभर वेळा मारणे. हा कंटाळा हेच शिक्षण आहे. प्रशिक्षक तो कंटाळा कसा हाताळतो, चुकलेल्या मुलाला हसतो की समजावतो, दमलेल्याला थांबवतो की टोमणे मारतो, हे फुकटच्या दिवशी दिसत नाही. ते ऑगस्टमधल्या एखाद्या पावसाळी मंगळवारी दिसते, जेव्हा कोणी पाहुणा येण्याची अपेक्षा नसते. पाहण्यासारखा दिवस तोच.

फुकटच्या दिवसाचा आणखी एक दोष असा की, तयारी नसलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी जमिनीवर फेकणे धोक्याचे असते. म्हणून शहाणा प्रशिक्षक तसे करीत नाही, आणि न केल्यामुळे त्या दिवसातून मूळ विद्येचा परिचयही घडत नाही. उलट अविचारी प्रशिक्षक ते करतो.

प्रशिक्षकांच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. सभागृहाचे भाडे, चटया, हातमोजे, वीज यांचा खर्च त्यांना चुकत नाही. फुकटच्या आठवड्यात पंचवीस मुले यावीत आणि शुल्क मागताच त्यांतील वीस नाहीशी व्हावीत, हा त्यांचा नेहमीचा अनुभव. ही घासाघीस त्यांच्या प्रतिष्ठेला शोभत नाही आणि सरावाचाही त्यात बोजवारा उडतो. म्हणूनच पाहणे सदैव विनामूल्य ठेवावे आणि करण्याचे मोल घ्यावे, हीच व्यवस्था त्यांच्या हिताची आहे. मोल मात्र महिन्याचे असावे, वर्षाचे नव्हे. आणि पट्ट्याच्या परीक्षांचे शुल्क किती आणि ती वर्षात किती वेळा, हे पहिल्या दिवशीच कागदावर मिळावे. ज्याला देणे शक्य नाही अशा मुलाला शुल्क माफ करावे, परंतु ते गाजावाजा न करता.

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे, आणि तो मुलींविषयीचा आहे. दार उघडे म्हणजे खिडकीशी टवाळांची गर्दी, अशी भीती अनेक आयांच्या मनात असते आणि ती निराधार नाही. व्यायामाच्या वेषात सराव करणाऱ्या मुलींकडे रस्त्यावरच्या कोणीही टक लावून पाहावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु पाहुणा आणि टवाळ यांत फरक करणे एवढे अवघड नाही. आई, मोठी बहीण, मुलीच्या शाळेतील शिक्षिका, पुढे प्रवेश घेऊ इच्छिणारी मुलगी आणि तिच्या घरचे यांना पूर्वसूचनेवाचून येता यावे, नाव वहीत लिहावे आणि भिंतीजवळच्या बाकावर बसावे, एवढेच पुरेसे आहे. उलट मुलींच्या वर्गालाच या डोळ्यांची गरज सर्वाधिक आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा २०१२ साली झाला. तो कठोर आहे आणि असावाही. तथापि कायद्याचे काम तक्रारीनंतर सुरू होते, आणि तक्रार करण्याचे बळ आठ वर्षांच्या मुलीत कोठून येणार? बाकावर बसलेली कोणाची तरी आई हे काम त्याच्या कितीतरी आधी करते. सरकारी शाळांतून मुलींसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने तीन महिन्यांचे आत्मसंरक्षणाचे प्रशिक्षण दिले जाते, तेथेही शाळेतील एखादी शिक्षिका वर्गाच्या वेळी मैदानावर बसली तर बिघडणार नाही.

पाहुण्यांमुळे मुलांचे चित्त विचलित होते, ही तक्रार फारशी टिकत नाही. चार माणसे बाकावर बसल्याने ज्याचे लक्ष उडते, त्याचे लक्ष स्पर्धेच्या दिवशी शेकडो प्रेक्षकांपुढे कसे राहणार, आणि ज्या अंधाऱ्या रस्त्यासाठी ही विद्या शिकविली जाते तेथे तरी कसे राहणार? बाकावरच्यांनी बोलू नये, आपल्या मुलाला खुणा करू नयेत, एवढा दंडक असला म्हणजे झाले. तो मोडणाऱ्या पालकाला बाहेर काढण्याचा अधिकार प्रशिक्षकाला जरूर असावा. आपल्याकडे असे पालक पुष्कळ आहेत, हेही कबूल केले पाहिजे.

दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने यात आणखी एक बाजू आहे. क्रीडास्पर्धांतील यशाला परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात आणि सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. त्यापायी खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे महाराष्ट्रात उघडकीस आली, हे सर्वज्ञात आहे. प्रामाणिकपणे घाम गाळणाऱ्या मुलाचे त्यात नुकसान होते ते दुहेरी: त्याची जागा जाते, आणि त्याच्या खऱ्या प्रमाणपत्राकडेही कचेरीतला कारकून संशयाने पाहू लागतो. ज्या वर्गाचा सराव गावाने वर्षभर पाहिला आहे, तेथील मुलाविषयी असा संशय घेणे सोपे नसते.

क्रीडा प्रबोधिनीत जायचे तर मुलाला चाचणी द्यावी लागते. तो धावतो, उड्या मारतो, मोजला जातो आणि मग निवडला वा नाकारला जातो. खाजगी वर्गांत शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाची निवड होते, म्हणून तेथे चाचणी दुसऱ्या बाजूने व्हायला हवी. ती घेणारा परीक्षक म्हणजे मुलाचा बाप, जो कचेरीतून सहा वाजता सुटतो आणि मुलाला आणण्यासाठी सायकल किंवा स्कूटर घेऊन दाराशी येतो. आज तो बाहेर रस्त्यावर, फाटकाजवळ, घड्याळ पाहत उभा असतो. त्याला पंधरा मिनिटे आधी येऊन, चपला काढून, आत भिंतीशी बसता येईल का, हे त्याने शुल्काची पावती फाडण्याआधी विचारावे.