ख्रिस्ती लेखकाचे मराठीला देणे

ख्रिस्ती लेखकाने संस्कृतीवर ठसा उमटवला पाहिजे, असे चर्चच्या शिबिरांत आणि ख्रिस्ती साहित्याच्या मेळाव्यांत वरचेवर ऐकू येते. म्हणणे खोटे नाही. त्यात गृहीत धरलेला अर्थ मात्र तपासायला हवा. कादंबरी असो की कविता, तिच्यातून शुभवर्तमान वाचकाच्या गळी उतरवले की जबाबदारी फिटली, असा तो अर्थ. बाहेरचे आक्षेपक हाच धागा पकडतात आणि म्हणतात, ख्रिस्ती लेखक म्हणजे हाती लेखणी घेतलेला मिशनरी. उस्मानाबादच्या 2020च्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो निवडले गेले तेव्हा हाच सूर लागला होता. गंमत अशी, की ख्रिस्ती माणूस लिहितो तो प्रचारासाठीच, यावर दोन्ही पक्षांचे एकमत आहे. मराठी वाङ्मयाचा पुरावा दोघांच्याही विरुद्ध जातो.

बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ 1857चे. कादंबरीचा शेवट उघड प्रचाराचा आहे: विधवा झालेली नायिका बाप्तिस्मा घेते आणि ख्रिस्ती गृहस्थाशी पुनर्विवाह करते. आज हा शेवट कुणाला आठवतो? आठवतात त्या प्रवासात भेटणाऱ्या विधवा, त्यांचे केशवपन, घरातल्या घरात चाललेली त्यांची विटंबना. लेखकाला शेवटाकडे पोचायची घाई होती, पण वाटेत डोळे उघडे होते, आणि पुस्तक टिकले ते त्या उघड्या डोळ्यांमुळे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेची गोष्ट याहून बोलकी. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला 1900 साली. मधली वर्षे एखाद्या प्रचारकाने दोन वाक्यांत उरकली असती, कारण अंधारातून उजेडात येणाऱ्याने वाटेत फार रेंगाळू नये असा प्रचारकी लिखाणाचा संकेत. लक्ष्मीबाई रेंगाळतात. सोवळे सुटत नाही, नवरा सोडवत नाही, माहेरची माणसे एकीकडे ओढतात, आणि या ओढाताणीत त्या स्वतःलाच हसतात. त्यांच्या तावडीतून टिळकही सुटत नाहीत. धर्मांतराबद्दल मनात अढी असलेला वाचकही हे पुस्तक खाली ठेवत नाही, कारण त्याला काही पटवून देण्याची खटपट त्यात कुठेच नाही. टिळक दांपत्याच्या घरी बालकवी ठोमरे राहिले, ते ख्रिस्ती झाले नाहीत. पण त्या घराच्या मायेचे ऋण मराठी कवितेवर आहेच. प्रभाव मोजायचाच तर तो असा मोजावा.

यावर पहिला आक्षेप सत्तेचा: हे साहित्य परक्या सत्तेच्या आश्रयाने आले. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात राशोलला छापले गेले ते पोर्तुगीज अमलाखाली. त्याच अमलात इन्क्विझिशनही होते आणि पुढे 1684 साली तिथल्या लोकभाषेवर बंदीचा हुकूमही निघाला. हे सगळे खरे, आणि ते झाकून ठेवण्यात ख्रिस्ती लेखकाचे भले नाही. पण सत्तेच्या आश्रयाने छापलेल्या त्या जुन्या प्रतींचे पुढे काय झाले? त्यांतली एकही आज उपलब्ध नाही. पुराण तगले ते भाविकांनी जपलेल्या हस्तलिखितांतून आणि गळ्यांतून. 1907 साली मंगळूरला ते पुन्हा छापता आले ते त्या हस्तलिखितांच्या जोरावर. सुमारे 11 हजार ओव्या लोकांनी सांभाळल्या, कारण त्या ओव्या होत्या. परक्या देशातून आलेल्या पाद्र्याने इथल्या भाविकांना तोंडपाठ असलेला छंद उचलला आणि स्वतः त्याच्या शिस्तीत वागला. संस्कृतीला वळण देऊ पाहणाऱ्याने आधी तिच्या शिस्तीत बसायला हवे, हे त्याला आजच्या कित्येक व्याख्यात्यांपेक्षा चांगले कळले होते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. टिळक, लक्ष्मीबाई, पंडिता रमाबाई हे सारे ब्राह्मण घरांतून आलेले. मराठीच्या दिवाणखान्यात त्यांना आधीच जागा होती. अहमदनगर-जालन्याकडचा ख्रिस्ती समाज बहुतांशी महार-मांग वस्त्यांतून आला. त्याच्यासाठी ते दार कुणी उघडले? याला उत्तर देऊन मोकळे होता येत नाही, आक्षेप मान्यच करावा लागतो. महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या 2011च्या जनगणनेनुसार एक टक्क्याहूनही कमी, म्हणून लिहिणारे थोडे, ही सबब मात्र चालणार नाही. वसईत दिब्रिटोंनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले आणि ‘हरित वसई’च्या चळवळीत विहिरींच्या पाण्याचा, बिल्डरांच्या घुसखोरीचा प्रश्न मांडला, तो प्रश्न विहिरीवर येणाऱ्या प्रत्येकाचा होता आणि एका धर्मगुरूने तो मांडला म्हणून कुणाला परका वाटला नाही. संख्येने तिथे काही अडले नाही.

अडते ते दुसरीकडे. धर्म बदलल्यावरही जात सुटली नाही, सोयरीक जुळवताना कोण कुठल्या वस्तीतला हे विचारले जाते, धर्म बदलला म्हणून अनुसूचित जातीच्या सवलती जातात आणि गावातली वागणूक मात्र तीच राहते: हे लिहायला बसले की मंडळीतलेच कुणी म्हणते, घरची धुणी बाहेर कशाला? विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळेल, ही भीती समजण्यासारखी आहे. पण ‘स्मृतिचित्रे’ने घरची कितीतरी धुणी बाहेर वाळत घातली, आणि त्याने मराठी ख्रिस्ती समाजाची पत घटल्याचे कुठे दिसत नाही. त्या नगरी वस्त्यांतल्या शाळामास्तराची, बायबल-बाईची, बाप्तिस्म्यानंतरही गावच्या विहिरीवर अडवलेल्या माणसाची कादंबरी अजून कुणी तितक्याच मोकळेपणाने लिहायची आहे, आणि ती लिहिणाऱ्याला पहिला विरोध बहुधा चर्चच्या पायरीवरच होईल.